तापल्याशिवाय नाही

गौतममामा ग्रिल बघायच्या आधी ऐकायचे. बर्नर पेटवला की मान एका अंगाला कलती करून, डोळे अर्धवट मिटून उभे राहायचे. पलीकडच्या खोलीत कुणी आजारी माणूस झोपलंय आणि त्याचा श्वास नीट चाललाय का, ते ऐकत असावेत तसे. आवाज एकसारखा असला तर "हां" म्हणून झाकण लावायचे. मध्येच फुरफुर आली तर गॅस बंद करून, बर्नर निवू देऊन खिशातून दाभण काढायचे. "ह्याचं नाक चोंदलंय," म्हणायचे आणि बर्नरच्या बारीक भोकांत अडकलेली जुनी चरबी एकेक भोक करत टोकरत बसायचे. मागे वीस विद्यार्थी ताटकळत उभे असले तरी त्यांचा हात भराभर चालायचा नाही.

हे लोणावळ्यातल्या एका खासगी हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजच्या गच्चीवर. मी तिथे आधी विद्यार्थिनी होते, मग शिक्षिका झाले. मामा आधी लॅब अटेंडंट होते आणि शेवटपर्यंत लॅब अटेंडंटच राहिले. पूर्ण नाव गौतम ओव्हाळ, राहायला औंढ्याला. पन्नाशीला आलेले, अंगाने काटक, डाव्या मनगटावर भाजल्याचा पांढुरका डाग. शिकवणाऱ्यांना पांढरा कोट आणि साफसफाई करणाऱ्यांना निळा शर्ट, असा कॉलेजचा नियम होता. मामांचा निळा शर्ट रोज इस्त्रीचा असायचा. आमच्या सरांचा कोट तसा नसायचा.

आमचा ग्रिल म्हणजे पत्र्याच्या ट्रंकेएवढी चीज. दोन बर्नर, वर लोखंडी जाळी, त्यावर झाकण आणि बाजूला पाच किलोचा सिलेंडर. त्यावर आम्हाला स्टेक शिकायचा होता. स्टेक म्हणजे मांसाचा बोटभर जाड तुकडा, आमच्याकडे म्हशीचा. तो बाहेरून खरपूस, तपकिरी व्हायला हवा आणि आतून गुलाबी, रसाळ राहायला हवा. त्यासाठी जाळी सणसणीत तापलेली लागते. छोट्या ग्रिलमध्ये तेवढी धग नसते आणि जी असते ती खोऱ्यातून येणारा वारा पळवून नेतो.

पहिल्या प्रात्यक्षिकाला सबनीस सरांनी ग्रिल पेटवला, पाच मिनिटांत जाळीवर एकदम आठ तुकडे मांडले आणि पुस्तकातलं बोलू लागले. तुकड्यांना आवाजच आला नाही. त्यांतून पाणी सुटलं, मग ते करडे पडले, मग आक्रसून चपलेच्या तळव्यासारखे झाले.

"मांसच बरोबर मिळत नाही आपल्याकडे," सर म्हणाले.

"सर, ग्रिल थंड हाय," मोरीपाशी भांडी घासणारे मामा म्हणाले. आवाज अगदी साधा होता.

सबनीस सर त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी तरी लहान. ते वळले. "गौतम, भांडी झाली का?"

"व्हत आल्यात."

सर चहाला गेल्यावर मामा हात पुसत आमच्याकडे आले. एक तुकडा उरला होता, तो त्यांनी फडक्याने दाबून दाबून कोरडा केला. जाळीवर अडकलेलं सगळं खरवडलं. वाऱ्याच्या बाजूने दोन जुने पत्रे उभे केले, सिलेंडरची बाजू मात्र मोकळी ठेवली. दोन्ही बर्नर पूर्ण सोडले, झाकण लावलं आणि उभे राहिले. आम्हीही उभे राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कुणीतरी झाकणाला हात लावला तर त्यांनी तो हळूच बाजूला केला.

"उघडून बघितलं की गेली धग. तुमाला घाई हाय ती त्याला कळत न्हाई."

वीसेक मिनिटांनी त्यांनी झाकण उघडलं आणि जाळीच्या चार बोटं वर तळहात धरला. "एक... दोन..." तीन म्हणायच्या आत हात मागे आला. "आता." तुकड्याला तेलाचं बोट फिरवून त्यांनी तो जाळीवर ठेवला. तेव्हा जो आवाज झाला त्याने गच्चीच्या दुसऱ्या टोकाची मुलंही वळून बघायला लागली. तो तुकडा आम्ही सोळा जणांनी मिळून खाल्ला, नखाएवढा एकेकाला. आमच्या घरी, वडगावला, मटण चालायचं पण म्हशीचं नावही काढायची सोय नव्हती. आईला मी सांगितलं होतं की कॉलेजात फक्त चिकन शिकवतात.

ही विद्या त्यांना कुठून आली, ते त्यांनी मला एकदा सांगितलं. कॉलेजात येण्याआधी ते लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर राखण आणि स्वयंपाक दोन्ही करायचे. मालकांनी परदेशातून असाच छोटा ग्रिल आणला आणि हॉटेलात मिळतो तसा स्टेक पाहिजे म्हणून सांगितलं. सोबतचं माहितीपुस्तक इंग्रजीत. "पयल्या खेपंला पाव्हण्यांनी ताट तसंच कुत्र्याम्होरं ठिवलं. कुत्र्यानंबी वास घेतला आन गेलं," मामा म्हणाले. हसले नाहीत. मालकाने सगळ्यांसमोर शिव्या दिल्या. त्यानंतर पाहुणे नसतील त्या दिवशी ते नुसता ग्रिल पेटवून त्याच्यासमोर बसायचे. कुठल्या कोपऱ्यात धग जास्त, वारा कुठून शिरतो, सिलेंडर संपत आला की आवाज कसा बदलतो, सगळं त्यांनी असं बसून शिकून घेतलं. "आई तवा तापल्याबिगर भाकर टाकत नव्हती. मग म्हनलं, ह्ये तरी येगळं काय हाय?" पुढे त्या बंगल्याचे स्टेक खायला लोक मुंबईहून येऊ लागले. मालक पाहुण्यांना सांगायचे, मी याला शिकवलं. मग बंगला विकला गेला आणि नव्या मालकाला मांसाहार चालत नव्हता.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा माझी सुऱ्यांची गुंडाळी गच्चीवर राहिली. दुसऱ्या दिवशी माझी परीक्षा. मामांचं तहसील कचेरीत काहीतरी काम होतं, म्हणून ते वडगावला आमच्या घरी ती द्यायला आले. मी त्यांना खुर्ची दिली. आईने स्वयंपाकघरातून खुणेने बोलावलं.

"आडनाव काय म्हणालीस?"

मी सांगितलं. तिने चहा केला आणि कागदी कपात आणला. आमच्या फळीवर बारा कपबशा होत्या, त्या मामांना बसल्या जागेवरून दिसत होत्या. मी आईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मामांनी चहा सावकाश संपवला, चांगला झालाय म्हणाले. कप कुठे टाकू, असं विचारलं नाही. चेपून, घडी घालून त्यांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला, "निवांत परीक्षा दे, पोरी" म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवशी परीक्षेला त्यांनी माझ्या टेबलापाशी पुसलेली जाळी आणून ठेवली. त्यांच्या वागण्यात काडीचा फरक नव्हता. तो मला दिसायला हवा होता, निदान मला माफी मागायला जागा तरी मिळाली असती.

पास झाल्यावर मी पुण्यात दोन हॉटेलांत काम केलं आणि तीन वर्षांनी त्याच कॉलेजात कनिष्ठ शिक्षिका म्हणून परतले. त्या नोकरीमागेही मामाच होते, पण हे कागदावर कुठे सापडणार नाही. मुलाखतीला काहीतरी लेखी साहित्य जोडायचं होतं. मी दोन दुपारी मामांशेजारी बसून 'छोट्या गॅस ग्रिलचा वापर' अशी वीस पानी पुस्तिका इंग्रजीत तयार केली. मांस आधी फ्रिजमधून बाहेर काढून ठेवणं, कोरडं करणं, एका वेळी दोनच तुकडे टाकणं, टाकल्यावर हलवायचं नाही, खाली काढल्यावर पाच मिनिटं झाकून ठेवायचं, सगळं त्यांचं. मुखपृष्ठावर नाव माझं. कॉलेजने ती छापून अभ्यासक्रमाला लावली.

एक प्रत मी मामांना दिली. "वाचून दाव," ते म्हणाले. मी मराठीत सांगत गेले. ते लक्ष देऊन ऐकत होते. माझ्या मनात धाकधूक होती, आता विचारतील, माझं नाव कुठंय म्हणून.

"वाऱ्याचं न्हाई लिवलं?" त्यांनी शेवटी विचारलं. "पत्रे लावायचं?"

"ते पुस्तकात बरं दिसत नाही, मामा."

"बरं." त्यांनी पुस्तिका पालथी करून मागचं कोरं पान पाहिलं. "पन वारा तर येनारच ना, मॅडम."

मी नोकरीला लागल्यापासून ते मला मॅडम म्हणत होते. मी कधी नको म्हटलं नाही.

मग ग्रिल विभागासाठी एका प्रशिक्षकाची जागा निघाली. पदविका हवी होती, पण बरीच वर्षं काम केलेल्या कर्मचाऱ्यालाही चाचणी देता येईल असं सूचनेत होतं. ती ओळ आमच्याच काही विद्यार्थ्यांनी मामांसाठी मागे लागून घालून घेतली होती. मामांनी अर्ज केला. दुसरा उमेदवार निखिल, पुण्याचा, पदविका नुकतीच झालेली, वागायला चांगला मुलगा. त्याच्याविषयी माझी आजही तक्रार नाही. परीक्षक म्हणून प्राचार्य, सबनीस सर आणि बाहेरचे एक शेफ बसणार होते. ते शेफ आले नाहीत आणि ऐन वेळी त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं. माझी नोकरी तेव्हा अजून कायम झालेली नव्हती. त्याचा कागद प्राचार्यांच्या टेबलावर होता.

थंडीचे दिवस होते. गच्चीवर असा वारा की गुणपत्रिकांवर वजन म्हणून वाट्या ठेवाव्या लागल्या. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं, एक स्टेक.

निखिल पहिला. त्याने माझ्या पुस्तिकेतून तयारी केली होती, हे त्याच्या प्रत्येक हालचालीत दिसत होतं. पण घड्याळाकडे बघून तो घाबरला आणि सात-आठ मिनिटांतच तुकडा जाळीवर टाकला. आवाज आला नाही. तुकडा करडा पडला. शेवटी त्याने त्यावर मशरूमचं दाट सॉस ओतलं, कोथिंबिरीची काडी ठेवली आणि बशी वेळेत पुढे आणली. आम्ही तिघांनी चावून चावून खाल्लं.

"ठीक आहे," प्राचार्य म्हणाले. "सादरीकरण छान."

मग मामा आले. त्या दिवशी त्यांनी निळ्याऐवजी पांढरा शर्ट घातला होता. आधी कोपऱ्यातले पत्रे आणून वाऱ्याच्या बाजूने लावायला लागले.

"हे काय आहे?" प्राचार्य म्हणाले. "भंगार काढा ते. दोघांना सारखीच व्यवस्था हवी."

मामांनी पत्रे परत नेऊन ठेवले. ग्रिल पेटवला, मान कलती केली. बराच वेळ तसेच उभे राहिले.

"सर, सिलेंडर संपत आलाय. बदलू का?"

"निखिलने त्याच सिलेंडरवर केलं ना?" प्राचार्य म्हणाले.

"व्हय. केलं."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. निखिलने काय केलं होतं ते गच्चीवर दोघांनाच नीट कळलं होतं, त्यांना आणि मला. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की सर, सिलेंडर खरंच संपत आलाय. मी वाटी उचलून गुणपत्रिका सरळ केली.

मामांनी झाकण लावलं. दहा मिनिटांनी तळहात धरून मोजलं, सातपर्यंत गेले. पंधरा मिनिटांनी पुन्हा धरला, सहा. कोरडा केलेला तुकडा ताटलीत तयार होता.

"टाका आता," सबनीस सर म्हणाले.

"न्हाई सर. आजून तापला न्हाई."

"वीस मिनिटं झाली, गौतम."

"दिसतंय मला."

प्राचार्यांनी समजुतीचा सूर लावला. "हे बघा, कच्चंपक्कं काहीतरी पुढे ठेवा. बशीत काही असलं तर आम्हाला मार्क देता येतील."

मामा ग्रिलकडे बघत होते. "तसलं मी पोरांना टाकू देत न्हाई, सर. मग मी कसं टाकू?"

पंचवीस मिनिटं संपली. ताटलीतला तुकडा ताटलीतच होता. माझ्या गुणपत्रिकेवर 'चव' नावाचा रकाना होता. चाखायलाच काही नव्हतं, म्हणून मी तिथे शून्य लिहिलं. नियमाने बरोबर होतं ते. खाली सही केली आणि आम्ही तिघं जिना उतरून कार्यालयात गेलो.

माझी शाल वर राहिली होती. अर्ध्या तासाने ती आणायला गेले तर जिन्यातच तो आवाज ऐकू आला, तापलेल्या जाळीवर मांस पडल्यावर होतो तो. मामांनी नवा सिलेंडर लावला होता, दोन्ही पत्रे उभे केले होते. गच्चीवर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी तुकडा एकदाच उलटला, थोड्या वेळाने काढून वाटीखाली झाकला आणि पाच मिनिटं हात बांधून उभे राहिले. मग सुरीने मधोमध कापून ताटली माझ्यासमोर धरली. कडेला काळपट खरपूस पापुद्रा आणि आत सगळीकडे सारखा गुलाबी रंग. मी उभ्या उभ्या दोन घास खाल्ले. पुण्यातल्या दोन्ही हॉटेलांत मी तसा स्टेक खाल्ला नव्हता.

"मामा, आधीच टाकलं असतंत तर..."

"तर काय? नोकरी लागली असती." ते सुरी धुवायला वळले. "आन मंग उद्या पोरांना काय सांगितलं असतं?"

मी तशीच खाली जाऊन ती ताटली प्राचार्यांसमोर ठेवू शकले असते. निकालाचा कागद अजून टाइप व्हायचा होता. मी शाल घेतली आणि जिन्यात तोंड पुसलं.

वास मात्र खाली पोहोचला होता. तिसऱ्या दिवशी मामांना नोटीस मिळाली, कॉलेजचा गॅस आणि साहित्य विनापरवाना वापरल्याबद्दल. चौकशीला मला बोलावलं.

"तुम्ही वर गेला होता. त्यांना ग्रिल वापरताना पाहिलंत?"

"हो."

"परवानगी घेतली होती?"

"मला माहीत नाही."

प्राचार्यांनी लिहून घेतलं. मी तो स्टेक खाल्ला का, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मामा समोरच उभे होते. त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "व्हय, केलं. चांगलं झालतं." दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. निखिल रुजू झाला. पुढच्या महिन्यात माझी नोकरी कायम झाली. मुलांचे स्टेक पुन्हा करडे पडायला लागले. मी तिथे असले की सांगायची, थांबा, अजून तापला नाही. मुलं माझं ऐकायची आणि घड्याळाकडे बघायची.

त्यानंतर दोनेक वर्षांनी लग्नानंतरच्या नावाच्या प्रतिज्ञापत्रासाठी मी वडगावच्या तहसील कचेरीत गेले होते. खिडकीपुढे रांग होती आणि माझ्या पुढेच मामा उभे होते, सोबत त्यांची मुलगी, हातात प्लॅस्टिकची फाइल. तिला नर्सिंगला प्रवेश घ्यायचा होता, रहिवासी दाखला हवा होता. मामांनी मला ओळखलं, "बऱ्या हाय का?" म्हणाले.

"तुम्ही सध्या कुठे?"

"सुदुंबऱ्याकडं, येका कंपनीच्या कँटीनमंदी. भाताचं बगतो."

रांग हलत नव्हती. बोलायला तेवढाच वेळ मिळणार होता. "मामा," मी म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ द्या, झालं ते झालं. आपल्याकडची वडीलधारी माणसं तसंच म्हणतात.

"व्हय," ते म्हणाले. "बोलायला पायजे व्हतं."

बस, एवढंच. रागाने म्हणाले नाहीत. मी विषय काढला होता आणि त्यांनी खरं ते सांगितलं.

त्यांचा नंबर आला. आतला कारकून मान वर न करता फॉर्म तपासत होता. "वडलांचा व्यवसाय राहिलाय लिहायचा."

"कॉलेजात शिकवायचे ते," मुलगी चटकन म्हणाली. "स्वयंपाक शिकवायचे."

कारकुनाचं पेन थांबलं. "शिक्षक का? पुरावा जोडावा लागेल."

मुलगी मामांकडे बघायला लागली. मी एका हाताच्या अंतरावर उभी होते. माझ्या पर्समध्ये कॉलेजचं ओळखपत्र होतं. मामांनी मागे वळून पाहिलं नाही.

"न्हाई," ते म्हणाले. "मजुरी लिवा."

कारकुनाने लिहिलं. मुलीचा चेहरा लाल झाला. मामांनी दोरीला बांधलेलं पेन उचललं, त्याने बोट ठेवलं तिथे सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत सही केली आणि मुलीला पुढे घालून ते बाहेर पडले.